माझी शुगर आणि वहिनींचा नवस

मला शुगर नाही. कधी नव्हती. आमच्या घराण्यात लोकांचे दात गेले, गुडघे गेले, एका काकांचं तर ऐकणंच गेलं, तेही नेमकं लग्न झाल्यावर. पण शुगर कोणाला झाली नाही. असं असूनही गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यापासून पार भाद्रपदापर्यंत मोहाडीत मी शुगरचा पेशंट म्हणून वावरलो. टपरीवाला मला लांबून बघितलं की बिनसाखरेचा चहा वेगळा चढवायचा. आठवडी बाजारात ओळखीचे लोक पिशवीसकट थांबवायचे आणि जांभळाच्या बिया वाळवून त्यांची पूड कशी करायची ते समजावून सांगायचे. हा आजार मला भक्तीतून जडला.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमची घरं फार नाहीत, त्यामुळे रविवारी उपासनेला भंडाऱ्याला जावं लागतं. माझा सगळ्यात जवळचा मित्र मात्र हिंदू. तळ्याखालच्या बांध्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या धान लावणाऱ्या घरातला. आम्ही दोघंही वरठीच्या पोलाद कारखान्यात, एकाच पाळीला. मोटारसायकल त्याची, चालवायचा तो, आणि मागे बसून "हळू चालव बे" म्हणायचं काम माझ्याकडे. इतकी वर्षं आम्ही असे एकामागे एक बसून गेलो आहोत की त्याचा चेहरा मला नीट आठवायचा तर आधी मान आठवते.

दर शनिवारी वाटेत एका मारुतीपाशी तो गाडी थांबवायचा. मी गाडी धरून उभा राहायचो, तो आत जाऊन नारळ फोडायचा आणि येताना दोन तुकडे खोबरं आणायचा. एक त्याचा, एक माझा. मी ते खोबरं म्हणून खायचो. तोही बहुधा खोबरं म्हणूनच द्यायचा. त्याहून खोलात आम्ही कधी शिरलो नाही. मैत्रीत इतपत आळस चांगला असतो.

मग आमच्या चर्चच्या मंडळीनं मला पंच निवडलं. मला का निवडलं ते आजवर कळलेलं नाही. बहुतेक त्या बैठकीला मी गैरहजर होतो. पंच झाल्यावर माणसाला पहिल्या ओळीत बसावं लागतं, आणि पहिल्या ओळीत बसलं की उपदेशातलं प्रत्येक वाक्य आपल्यालाच लागतं. त्यातच उन्हाळ्यात चर्चमध्ये उज्जीवन सभा झाल्या, विश्वास नव्यानं जागवायच्या. बाहेरगावचे उपदेशक आले होते. विषय होता, विश्वास न ठेवणाऱ्यांशी आपण किती जवळीक ठेवावी. तसे ते वाईट बोलले नाहीत. लग्न, भागीदारीतला धंदा, मनाची ओढ कुठे घेऊन जाते, असं सगळं समजुतीनं सांगितलं. शेवटी मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावर आले. सभा रविवारी, खोबरं शनिवारी. माझ्या दाढेत त्यातला एक धागा अजून अडकलेला होता. तो मी जिभेनं उकरायला घेतला आणि नेमकं तेव्हाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडेही बघत असतील. पण मी नवा पंच होतो. मला वाटलं, धागा दिसला.

घरी येईपर्यंत ठरवून टाकलं, आता प्रसाद बंद. ठरवणं सोपं होतं. मित्राला सांगणं जमेना. इतकी वर्षं खाल्लं आणि आता काय, तोंडावर सांगायचं की तुझ्या देवापुढचं मला चालत नाही? मनात वाक्यं जुळवून बघितली. प्रत्येक वाक्य ऐकायला असं वाटे की मी त्याच्या दारातून चप्पल उचलून निघालो आहे.

शनिवार आला. तो खोबरं घेऊन आला.

"घे."

"नको."

"काहून बे? उपास हाय?"

तेवढ्या वेळात मला जे सुचलं ते मी बोललो. "शुगर निघाली."

चावी लावता लावता तो थांबला. "कवा?"

"परवा."

"अन् मले सांगतलं नाई?"

"तुले टेन्शन कायले द्यायचं."

तो खोबऱ्याकडे बघत राहिला. "पर खोबऱ्यात कायची शुगर बे?"

"छुपी असते," मी म्हणालो. "डाक्टर मने, खोबऱ्यात छुपी असते."

त्यानं दोन्ही तुकडे मुकाट खाल्ले आणि गाडी काढली. त्या दिवशी "हळू चालव" म्हणायची वेळच आली नाही. वरठीचं फाटक येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याआधी तो मान वळवून सांगत होता, "पकडून बस, खड्डा हाय." बाळंतपणाला निघालेल्या बाईला न्यावं तसं त्यानं मला कारखान्यात पोचवलं.

संध्याकाळी घरी आलो तर त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या बायकोशी बोलून नुकत्याच गेल्या होत्या. बायको ओट्याशी उभी होती.

"तुमाले शुगर हाय मने."

मी सगळं सांगितलं. सभा, धागा, खोबरं.

"मंजे देवासाठी खोटं बोलले?"

"तसं नाही म्हणता येणार."

"मग कसं म्हणता येईल?"

मी पंचाला शोभेल असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती पुढे बोलत होती. "नाताळात आपण आधी प्रार्थना करतो अन् मग त्यायले करंज्या देतो. आजवर एकदा तरी त्यायनं विचारलं का, हे कोणाच्या नावानं केलं म्हणून? हे पाहा, मी वहिनीले खोटं सांगणार नाही. अन् खरं तुमचं तुम्ही सांगा. तवर पेशंट आहात तं पेशंटसारखे राहा." असं म्हणून तिनं साखरेचा डबा वरच्या फळीवर, जिथे माझा हात पोचतो पण धीर पोचत नाही, तिथे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस सुरू झाला. सकाळी आम्ही निघायच्या आधी वहिनी पेल्यावर ताटली झाकून यायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. "एका घोटात घ्या जी भाऊजी, थांबलं की जास्ती कडू लागते." आधी कारली विकतची यायची. पाऊस पडल्यावर त्यांनी कुंपणावर वेल सोडला. मी मनातल्या मनात त्या वेलावर कीड पडावी अशी इच्छा केली आणि त्याबद्दल लगेच क्षमाही मागितली. वेल मात्र असा फोफावला की शेजारचे बघायला येत.

एक लबाडी टिकवायला किती कामं पडतात! टपरीवर फिका चहा, कँटीनमध्ये भात कमी, कोणाचा वाढदिवस असला की केकपासून दूर उभं राहून हसायचं. मित्रानं अख्ख्या खात्यात सांगून ठेवलं होतं. मला लाडू द्यायला कोणाचा हात पुढे आलाच तर चार जण ओरडायचे, "त्याले नको, त्याले शुगर हाय!" प्रसादापासून लांब राहायला निघालो होतो, पण अख्ख्या जगाच्या गोडापासूनच लांब पडलो. मी बारीक झालो. त्यामुळे शुगरवर लोकांचा विश्वास आणखी बसला.

रोज निघताना वाटायचं, आज सांगून टाकू. मागच्या सीटवरून सांगणं तसं सोपं, समोर तोंड नाही. एकदा सुरुवातही केली, "ऐक ना, ते शुगरचं..." तर तो म्हणाला, "घाबरू नको बे. माह्या मामाचे तं पाय कापले, तरी दहा वर्सं जगला." मी पुढच्या खड्ड्यासाठी सीट पकडली.

श्रावण सरता सरता कारखान्यात तपासणीचं शिबिर लागलं. मी शौचालयात लपलो. मित्रानं शोधून काढून रांगेत उभं केलं आणि स्वतः मागे उभा राहिला, मी पळू नये म्हणून. नर्सबाईंनी बोटाला सुई टोचली, यंत्रात बघितलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्हाला कुठली शुगर? एकदम नॉर्मल आहे."

मला वाटलं, सुटलो. आता हा मला दोन शिव्या देईल, मी ऐकून घेईन, विषय संपेल. मी मागे वळलो तर मित्राच्या डोळ्यांत पाणी. त्यानं रांग मोडून मला मिठी मारली. "गेली बे! कारल्यानं गेली!"

त्या संध्याकाळी वहिनी पेला न घेता आल्या. हातात काही नाही म्हणून मी खूश, पण त्या माझ्या बायकोजवळ बसून म्हणाल्या, "नुसत्या कारल्यानं नाई जी. म्या महालक्ष्मीले बोलली होती. भाऊजीची शुगर जाऊ दे, औंदा जेवणाच्या दिवशी पहिलं पान भाऊजीचं वाढीन, तुह्या निवदाचं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे आमच्याकडे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या, पुरण, आंबील, कथली, आणि बाई दिवसभर चुलीपुढे उभी असते पण देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत मीठसुद्धा चाखत नाही. मग पंगती उठतात. त्या घरच्या पंगतीला मी दरवर्षी बसत आलो होतो, कुठेतरी मधल्या ओळीत, कोणाच्या लक्षात न येता. आता एका खोबऱ्याच्या तुकड्यापासून वाचायला गेलो आणि देवीपुढचं पहिलंच पान माझ्या नावानं लागलं. तेही नवसाचं. आणि नवस अशा आजारासाठी, जो झालाच नव्हता.

मी भंडाऱ्याला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. आमचे पाळक वयस्कर आहेत, ऐकताना डोळे मिटतात, त्यामुळे ते विचार करताहेत की झोपलेत ते कळत नाही. मला वाटत होतं, ते एक काहीतरी ठरवून देतील. खा म्हणाले तर खाईन, नको म्हणाले तर आजारी पडेन. खरोखरचा.

सगळं ऐकून त्यांनी डोळे उघडले. "खाण्याबद्दल शास्त्रात बरंच लिहिलंय. बसून वाच. दोन्ही बाजूंनी वाच. तुझ्या मनाला टोचत असेल तर नको खाऊ, त्यात मी काही म्हणत नाही. पण मला एक सांग, त्या बाईला नवस करायला कोणी लावलं?"

"मी नाही लावलं."

"बरं. रोज सकाळी तिचा रस कोण प्यायलं?"

"मीच."

"उपदेशक वेगळं राहा म्हणाले, ते खोटं बोल म्हणाले नव्हते ना? मी शेवटच्या ओळीत बसलो होतो, मला तसं ऐकू आलं नाही." मग जरा हसून म्हणाले, "तुला मित्र गमवायची भीती होती म्हणून खोटं बोललास. आता हे कोणा दुसऱ्याकडून त्यांना कळलं, तर मित्र नक्की जाईल. आजच जा. आणि पंच म्हणून जाऊ नको, मोकळा जा."

त्याच दुपारी, जेवणाच्या आदल्या दिवशी, मी मित्राच्या घरी गेलो. मांडव घालून झाला होता. मित्र शिडीवर चढून तोरण बांधत होता. वहिनी खाली बसून भाज्या निवडत होत्या, आणि मित्राची म्हातारी आई खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत होती. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. मला शुगर नव्हती. प्रसाद आमच्या धर्मात घ्यावा की नाही यावरून माझं मन अडकलं होतं, ते सांगायची हिंमत झाली नाही म्हणून शुगर सांगितली.

मित्र शिडीवरूनच म्हणाला, "नोती?"

"नोती."

"कधीच नोती?"

"कधीच."

"अबे, म्या चार महिने गाडी बैलगाडीसारखी चालवली ना बे! मागून सायकलवाले पुढं गेले!"

तो खाली उतरला. मला वाटलं, मारतो. पण त्यानं सुतळी खाली टाकली आणि समोर उभा राहिला. "खात नाई तं नको खाऊ. म्या तुह्या तोंडात कोंबत होतो का? मनलं असतं, आमच्यात चालत नाई, तं म्या मनलं असतं बरं, अन् तुह्याही वाट्याचं खाल्लं असतं."

"मले वाटलं तुले राग येईल."

"राग आता आला!"

हे सगळं मला झेलता येत होतं. वहिनींचं येत नव्हतं. त्या उठल्या. भाज्यांची परडी उचलून आत निघून गेल्या. आतून भांड्यांचाही आवाज आला नाही, आणि त्या घरात भांड्यांचा आवाज नसणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी चपलांकडे बघत उभा राहिलो. म्हातारीनं तेलाची बाटली बंद केली. मनात आलं, संपलं. उद्यापासून वरठीला बसनं.

बऱ्याच वेळानं वहिनी दारात आल्या. डोळे लाल होते. "उन्हाळ्यात कारले कुठी भेटत नव्हते जी. म्या पार अड्याळहून मागवले, माह्या भावाच्या हातानं."

"चुकलं वहिनी."

"चुकलंच. पण माह्या नवसाचं काय?" त्या सासूकडे वळल्या. "आई, पहिलं पान भाऊजीचं बोलली मी. अन् ते खात नाईत मनते."

म्हातारीला नियम पाठ होते. "बोललेलं पान दुसऱ्याले नाई वाढता येत वं. अन् निवदाच्या आधी तं कोणालेच नाई."

"मी नाही आलो तर?" मी विचारलं.

"तोंड सांभाळून बोला जी," वहिनी एकदम उसळल्या. "नाई कसे येत? प्रसाद नाई खात, जेवतही नाई का?"

मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि विचार करायला लागल्या. मी आयुष्यात पुष्कळ बैठका पाहिल्या, पंच झाल्यावर तर फारच. पण इतक्या लवकर आणि इतका सरळ निकाल लागलेला पाहिला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजीचं मी अंगणातल्या चुलीवर वेगळं रांधतो. देवीपुढं ठेवणारच नाई, मंजे त्यायले अडचण नाई. निवद होईपर्यंत उचलणारही नाई, मंजे देवीचा मान राहिला. अन् निवद झाला की पहिलं पान त्यायचंच वाढतो, मंजे माही जबान राहिली."

"पर तुह्या तोंडून निवदाचं पान बोललं गेलं ना वं," म्हातारी म्हणाली. "देवी चिडली तं?"

"देवीले मी सांगीन. तिलेही कोणी शुगर सांगून फसवलं असन कधी तं समजंन ती."

मित्र पहिल्यांदा हसला. मी हसायची परवानगी आहे का ते बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको गेलो. आत आरती चालली होती, आम्ही अंगणात उभे राहिलो. दोन चुली एकाच घरच्या, थोड्या अंतरावर. बाहेरच्या चुलीवर भांडी लहान, पण पदार्थ तेच सगळे. एका माणसासाठी अख्खा सोळा भाज्यांचा घाट. बायकोनं विचारलं, "अन् माझं?" तर वहिनी म्हणाल्या, "तुमचंही त्यातच हाय. तुमी खोटं नाई बोलल्या, तुमाले कारलं नाई."

पंगत बसली. पहिलं पान माझं. दोन्ही बाजूंना मित्राचे पाहुणे, आणि सगळ्यांना गोष्ट कळलेली, कारण मित्र कारखान्यात जसा सांगत सुटतो तसाच घरीही सुटतो. पुरण आलं, आंबील आली, कढी आली. आणि मग वहिनी स्वतः एक वेगळी वाटी घेऊन आल्या आणि माझ्या पानावर कारल्याच्या भाजीचा ढीग वाढला. पंगत खदखदून हसली. मी पहिला घास कारल्याचाच घ्यायला हात पुढे केला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "तुमी जेवाच्या आधी डोळे मिटता, माहीत हाय मले. दरसाल पाहतो मी, कचरा गेल्यासारखं करता अन् पटकन उघडता. आज एक सांगा जी. म्या तुमच्यासाठी माह्या देवीले बोलली. तुमी कधी आमच्यासाठी तुमच्या देवाले बोलले का?"

चिडून नाही विचारलं त्यांनी. हातात वाटी, पदर कमरेला, आपलं सहज. मी आठवून बघितलं. पंच झाल्यापासून माझ्या प्रार्थनेत हे घर एकदाच आलं होतं, आणि तेही असं, की प्रभू, मला यांच्या प्रसादातून सोडव. यांची धानाची रोवणी, हिचे हात, या म्हातारीचे गुडघे, रोज माझ्यासमोर असलेली ती मान, यातलं काही मी देवासमोर कधी नेलंच नव्हतं. मी त्यांच्यापासून किती अंतरावर असावं एवढंच मोजत बसलो होतो.

"नाही बोललो," मी म्हणालो.

"मंग आता बोला. मोठ्यानं बोला, आमाले ऐकू येईल असं."

अख्ख्या पंगतीचे हात पानांवर अधांतरी. मी उभा राहिलो. मंडळीत मला लांबलचक प्रार्थना येतात, सगळी ठेवणीतली वाक्यं. तिथे एकही आठवलं नाही. मी म्हणालो, बापा, या घरासाठी आभार. यांच्या बांध्यांत पाणी राहू दे, धान भरू दे. माझा मित्र रोज गाडी चालवतो, त्याला सांभाळ. वहिनींनी माझ्यासाठी जेवढे कष्ट केले त्याचं तू बघ, माझ्याच्यानं फिटणार नाहीत. आणि आईंच्या उजव्या गुडघ्याला आराम दे.

खाटेवरून म्हातारीचा आवाज आला, "उजवा बरा हाय रे बाप्पा. डाव्याचं सांग."

"डाव्या गुडघ्याला, प्रभू," मी सुधारलं.

"आमेन," माझी बायको म्हणाली.

"हाव," मित्र म्हणाला, आणि पंगत जेवायला लागली.